निरोपाचा प्रोग्राम

चिंचधरीच्या पिंपळशेंडे भावकीत कोणी वारले की अंगणात आधी रडणे होई आणि त्याच्या पाठोपाठ गलका. गावोगावच्या सोयऱ्यांना निरोप कोणी न्यायचा, याचा तो गलका असे. ‘वांकिडीच्या वाटेनं कोन गेलं?’ ‘राजुऱ्याकडं कोनी धाडलं का नाई?’ ‘अन् त्या उटनूरवालीचं काय?’ एकेका घरी तीन तीन माणसे जाऊन थडकत आणि एखाद्या घरी निरोप पोचेपर्यंत संध्याकाळ होई. फोन त्या भागात नव्हते. तार करायची तर आसिफाबाद गाठावे लागे, आणि तार पोस्टमनच्या सवडीने पोचत असे.

नागोराव पिंपळशेंडे यांना हा गलका लहानपणापासून लाजिरवाणा वाटत आला होता. ते आसिफाबादच्या एका हायस्कुलात गणित शिकवीत. भावकीतले पहिले पदवीधर तेच. फळ्यावर समीकरण मांडताना बरोबरीची चिन्हे एकाखाली एक, ओळंब्यात धरल्यासारखी उतरत. खडूचे तुकडेसुद्धा ते लांबीप्रमाणे लावून ठेवीत. ज्या माणसाला खडूची अव्यवस्था सहन होत नाही, त्याला मरणाच्या दारची अव्यवस्था कशी सहन व्हावी?

त्यांचे आईवडील एकाच वर्षी तापाने गेले. नागोराव आणि धाकटी बहीण रुक्मा यांना काकांनी वाढविले. काकांचे नाव दादाजी. त्यांना मूलबाळ नव्हते. नागोराव त्यांना काका म्हणत. रुक्मेने मात्र बोलायला लागल्यापासून त्यांना ‘बा’च म्हटले. पुढे ती लोणखेडीच्या महिपतला दिली, तेव्हा ज्यांचा आवाज कधी चढला नव्हता ते दादाजी लेकीला वाटे लावताना गुरासारखे हंबरले, असे अजून सांगतात.

त्या भावकीत रीत अशी की तिरडी उचलण्यापूर्वी घरच्या लेकीने मयताच्या तोंडात पाणी घालायचे. मुलगा अग्नी देतो, परंतु पाणी लेकीचे. तिरडी एकदा उचलली की ते पाणी पुन्हा घालता येत नाही. दादाजी थकले, नागोरावांनी त्यांना औषधपाण्यासाठी आसिफाबादला आपल्या घरी आणले, तेव्हापासून ते एकच बोलून ठेवीत.

“नागो, बाकी काई कर नको कर. रुक्मीच्या हातचं पानी पडलं पाह्यजे.”

“पडेल काका. मी आहे ना.”

हे वचन नागोरावांनी सहज दिले नव्हते. ते पाळण्याची व्यवस्था ते त्या वेळी प्रत्यक्ष उभारीत होते.

१९८६ साली सरकारी योजनेतून त्यांच्या हायस्कुलात दोन संगणक आले. वरंगलला प्रशिक्षण घेऊन नागोराव परतले, सोबत एक पाठ्यपुस्तक घेऊन. सम संख्यांची बेरीज करा. सरळ व्याज काढा. दिलेल्या यादीत दिलेले नाव शोधा. नागोरावांनी ते पुस्तक थोड्याच दिवसांत संपविले आणि मग त्यांना एक हुरहूर लागली. ती त्यांनी विज्ञानाचे शिक्षक नरसिंगराव यांच्यापाशी बोलून दाखविली.

“ज्या गणिताचे उत्तर शेवटच्या पानावर छापलेले आहे, ते सोडवून मी काय शिकलो? उत्तर कोणालाच ठाऊक नाही असे काही तरी या यंत्राकडून करवून घेतले पाहिजे.”

“करा की. प्रिन्सिपॉलांचा मूड केव्हा चांगला असतो, ते काढून द्या.”

“थट्टा नको. मी आमच्या भावकीच्या निरोपांचा प्रोग्राम लिहिणार आहे. कोण वारले ते नाव द्यायचे. कोणाकोणाला कळवायचे आणि कोणत्या वाटेने, ते यंत्र सांगेल.”

नरसिंगरावांनी कपाळावर हात मारला. “अहो, जग त्याच्यावर रॉकेटचा हिशेब करते आणि तुम्ही त्याला मयतीला नेता? उद्या तेरावंही त्यालाच घालायला लावाल!”

थट्टा झाली, परंतु नागोराव हटले नाहीत. शाळा सुटल्यावर ते संगणकाच्या खोलीत बसत. एक माणूस म्हणजे एक ओळ. त्याचे घर, त्याचा बाप, त्याची वाट. भाऊ कसा ओळखायचा? ज्यांचा बाप एक, ते भाऊ. चुलता कसा? बापाचा भाऊ. ज्या नात्यांचा अंगणात कल्लोळ होत असे, ती नाती पाच-सहा ओळींत निमूटपणे उभी राहिलेली पाहून नागोरावांना पहिल्यांदा कळले की पुस्तकातली उदाहरणे सोडविणे आणि स्वतःचे गणित मांडणे यांत केवढे अंतर आहे. कितीतरी वेळा प्रोग्राम अडला. एकदा त्याने एका माणसाला स्वतःचाच आजा ठरविले. नागोराव रात्रभर तळमळले आणि सकाळी आंघोळ करताना चूक सापडली, तेव्हा ओल्या अंगानेच “सखू, सापडलं!” म्हणून ओरडले. सखूबाईंना, त्यांच्या पत्नीला, वाटले साप निघाला.

सासरी गेलेल्या मुलींचे काय करायचे, हा प्रश्न सर्वांत अवघड होता. मुलगी जन्माने एका घरची, राहते दुसऱ्या घरी. नागोरावांनी तोड काढली: माहेरच्या घरी मुलीच्या नावापुढे ‘सासरी गेली’ अशी खूण करायची, आणि यंत्राने तिचे नाव सोयऱ्यांच्या घरांतून शोधून काढायचे. जिथे सापडेल, तिथे निरोप. यादीत नाव शोधण्याचा धडा पुस्तकात होताच; त्यांनी तो तसाच्या तसा उचलला.

सोयऱ्यांच्या घरची माणसे त्यांनी घरोघर जाऊन विचारून आणली. लोणखेडीला ते गेले तेव्हा रुक्मा शेतात होती. महिपतला घरातली नावे विचारली, तर तो आपल्या बायकोच्या नावाशी येऊन थांबला. त्या पिढीचे पुरुष बायकोचे नाव घेत नसत. शेवटी त्याच्या आईने ओसरीवरून सांगितले, “लिवा, सून जयवंता.” नागोरावांनी लिहिले आणि पुढच्या घराकडे वळले. परतल्यावर सर्व नावे रोमन अक्षरांत एका बैठकीत चढविली. ज्या बहिणीला उभ्या जन्मात रुक्माखेरीज हाक मारली नव्हती, तिचे सासरचे नाव आपण टंकित करीत आहोत, हे त्यांच्या बोटांना जाणवले नाही.

मग परीक्षा. पूर्वी वारलेल्यांची नावे देऊन पाहिली, तेव्हा आलेले भाऊ-चुलते आठवून ताडून पाहिले. सारे जुळले. १९८८च्या पावसाळ्यात चुलत चुलते सुधाकरराव वारले आणि प्रोग्रामची खरी कसोटी झाली. नागोरावांनी सकाळीच शाळा उघडली, पडद्यावरची नावे वाटांप्रमाणे वेगळाल्या कागदांवर सुवाच्य उतरविली, एकेक कागद एकेका तरुणाच्या हाती दिला. दुपारच्या आत सर्वत्र निरोप पोचले. अंगणात कोणी ओरडले नाही. भावकीतले वडीलधारे उद्धवराव मिशीवरून हात फिरवीत म्हणाले, “आता बोंबलाचं काम नाई. मास्तरची मशीन हाये.” त्या दिवशी घरी परतताना नागोरावांची पावले हलकी पडत होती. सुधाकररावांना ना बहीण होती ना लेक, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही.

त्यानंतरच्या थंडीत एका पहाटे दादाजी गेले. खोकल्याची उबळ आली, सखूबाईंनी पाठ चोळली, आणि पाठ चोळता चोळताच ते शांत झाले.

नागोरावांनी डोळे पुसले नाहीत. ते शाळेत गेले, कुलूप काढले, काकांचे नाव दिले. पडद्यावर नावे उतरत गेली. मन ठिकाणावर नव्हते, परंतु हात ठिकाणावर होता. कागद तयार झाले. वांकिडी-लोणखेडीकडच्या वाटेचा कागद त्यांनी चुलतभाऊ दौलतला दिला. तो सायकलीवर निघाला. जीपगाडी ठरवून काकांना चिंचधरीला नेले.

दुपारी तिरडी बांधून झाली. चारी वाटांनी माणसे आली. उद्धवरावांनी विचारले, “रुक्मा आली का?”

“निरोप गेलेला आहे. येतच असेल,” नागोराव म्हणाले.

माणसे सावल्या बघून सरकत बसली. दिवस कलला. कोणी तरी पुटपुटले, “लोनखेडी काई काशीले नाई. पायी आली असती तरी पोचती.” दुसरा म्हणाला, “महिपतचं काई दुखनंबिखनं तर नाई?” नागोराव वाटेकडे पाहत होते. निरोप गेला नसेल ही शंका तिथे कोणालाच आली नाही. पूर्वीचा काळ असता, तर आतापर्यंत दहा जणांनी दहादा विचारले असते, ‘लोनखेडीला कोन गेलं?’ आणि कोणी तरी चिडून स्वतःच पळाले असते. आता विचारण्याचे काम मशीनकडे होते.

ऊन उतरता उतरता दौलत परतला. सायकल कुंपणाला टेकवून घाम पुशीत तो म्हणाला, “झाली सगळी घरं.”

“रुक्मा कुठे आहे?”

“रुक्मा? आली नाई का?”

“दौलत, लोणखेडीला गेला होतास ना?”

“नाई बा. कागदावर लोनखेडी नवतीच. म्या म्हनलं, तिकडं तुमी दुसरं कोनी धाडलं असन. तिच्या गावच्या फाट्यावरूनच तर आलो.”

नागोरावांनी कागद त्याच्या हातून घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. अक्षर सुंदर होते. ओळी सरळ होत्या.

“थांबा,” ते म्हणाले. “मी घेऊन येतो तिला.”

“दिवस बुडून राह्यला, नागो,” उद्धवराव म्हणाले. “बुडाल्यावर अग्नी देत नाई. सकाळपासून ठेवलं हाये मयत, आता उद्यावर नाई नेता येत. अन् मडकं तुलेच धराचं हाये.”

पाणी सखूबाईंनी घातले. निम्मे पाणी गालावरून ओघळले. नागोरावांनी दौलतला एवढेच सांगितले, “परत जा. आत्ता जा.” मग त्यांच्या हाती विस्तवाचे मडके देण्यात आले आणि ते पुढे चालू लागले. मडके धरणाऱ्याने मागे वळून पाहायचे नसते. लोणखेडीची वाट त्यांच्या पाठीशी होती. साऱ्या वाटभर त्यांना वाटत राहिले की मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो आहे; आणि तसा आवाज येत असेल तरी थांबता येणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते.

रुक्मा दुसऱ्या दिवशी उजाडताना आली. रडत आली नाही. गाडीतून उतरली, महिपतला बैल सोडायला सांगितले, आणि सरळ नागोरावांसमोर येऊन उभी राहिली.

“भाऊ, मले काऊन नाई सांगितलं?”

“चूक झाली, रुक्मे.”

“राजुऱ्याच्या त्या लंगड्या मामाले सांगितलं?”

“हो.”

“उटनूरच्या जंगलात नोकरीवर हाये, त्या पोराले?”

“हो.”

“बानं ज्याचं तोंड दहा वरसांत पाह्यलं नाई, त्याले निरोप. अन् मले नाई. मशिनीत माह्यं नाव नवतं का?”

“होतं. दोनदा होतं.” नागोरावांचा आवाज शाळेतल्यासारखा झाला; त्यांना तो आवरता आला नाही. “माहेरी रुक्मा, सासरी जयवंता. यंत्राने रुक्मा शोधली. तुझ्या घरी ती सापडली नाही. म्हणून ते पुढे गेले.”

“दोनदा होतं म्हनून एकदाबी नाई लागलं?”

सखूबाई मध्ये पडल्या. “वन्सं, बसा आधी. पानी घ्या.”

“पानी!” रुक्मा म्हणाली, आणि तिथे पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. मग ती भावाकडे वळून हळू बोलली. “लगनात ताटातल्या तांदळात माह्यं नवं नाव काढलं, तवा मोठ्यानं वाचून कोनं दाखवलं होतं? तूच दाखवलं होतं सगळ्याइले. बायका म्हने, भाऊ शिकेल हाये, त्यालेच वाचू द्या. मशिनीले नसन माहीत, भाऊ. तुले माहीत होतं.”

ती राख सावडून गेली. तेराव्याला आली, पंगतीत वाढू लागली, भांडी घासू लागली, आणि आसिफाबादच्या घरी मात्र यायची थांबली. दिवाळीला महिपत एकटा आला आणि ओवाळणीशिवाय परतला.

नागोराव महिनाभर संगणकाच्या खोलीकडे फिरकले नाहीत. मग गेले. चूक शोधायला फार वेळ लागला नाही, आणि तेच त्यांना अधिक लागले. शोधाच्या त्या धड्यात, सापडले तर काय करायचे ते लिहिलेले होते. सापडले नाही तर काय, याची ओळच नव्हती. पुस्तकातल्या यादीत शोधलेले नाव नेहमी असेच, आणि नागोरावांनीही ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक होती अशीच मरणे तपासून पाहिली होती. आपण पुस्तकाबाहेर पडलो, असे त्यांना वर्षभर वाटत होते. त्यांनी ती ओळ लिहिली: सापडली नाही. मग एकेका घरच्या माणसाचे नाव देऊन पाहिले, आणि पडदा त्या शब्दांनी भरून गेला. लग्नात नाव बदललेली एकही लेक यंत्राला भेटली नव्हती. आज ना उद्या प्रत्येकीच्या माहेरचे एक मरण तिच्यावाचून पार पडले असते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पुन्हा घरोघर फिरले. या वेळी पुरुषांना न विचारता बायकांना विचारले, “तुमचं माहेरचं नाव काय?” काही जणी हसल्या, काहींनी पदर तोंडाला लावला. उद्धवरावांची म्हातारी बायको देवकाबाई आधी सुपातले तांदूळ निवडीत राहिली. मग तिने एक नाव सांगितले आणि तिच्या सुना चमकून तिच्याकडे पाहू लागल्या. एवढ्या वर्षांत ते कोणी ऐकले नव्हते. “आता त्या नावानं हाक मारनारं कोनी राह्यलं नाई, मास्तर,” ती म्हणाली. “लिवून काय करता?” नागोरावांनी तरीही लिहिले.

प्रोग्राम दुरुस्त झाला. त्याच्यात तसूभर चूक उरली नाही. त्यानंतर भावकीत मरणे झाली. परंतु नागोरावांकडे कोणी आले नाही. अंगणात पूर्वीसारखा गलका होऊ लागला आणि नागोराव त्यात मान खाली घालून उभे राहत. एकदा त्यांना कोणी तरी ओरडून विचारले, “मास्तर, निर्मलच्या वाटेनं कोन गेलं?” तेव्हा ते म्हणाले, “विचारतो,” आणि गर्दीत शिरले.

प्रोग्राम दुरुस्त झाल्यावरही रुक्मा आसिफाबादच्या घरी आली नाही. तिने आधीच दुसरी तजवीज केली होती. आसिफाबादच्या आठवडी बाजारी महिपत सरकी, मीठमिरची घ्यायला येई. दादाजी गेल्यानंतरच्या पहिल्याच बाजारी तो नागोरावांच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. चपलाही काढल्या नाहीत.

“इचारून ये म्हनली. घरी सगळे बरे हाये का?”

“बरे आहेत,” नागोराव म्हणाले. “महिपत, असं दर वेळी विचारायला कशाला पाहिजे? काही झालं तर मी स्वतः येईन. शपथ घेऊन सांगतो.”

महिपत चपलेच्या टोकाने माती उकरीत राहिला. “म्या बी तेच म्हनलं. तर म्हनते, मास्तरच्या भरवशावर नाई राहाचं. आपन इचारत राहाचं.”

पुढच्या बाजारी तो आला. त्याच्या पुढच्याही बाजारी. पावसाने ओढे भरले की एखादा आठवडा चुके, मग दुसऱ्या आठवड्यात तो चिखलाच्या पायांनी येई. नव्वद साल उलटले, शाळेत नवे संगणक आले, गावात फोनची तार आली. नागोरावांनी घरी फोन घेतला तेव्हा त्याचा नंबर लिहून महिपतच्या हाती दिला. लोणखेडीतही पाटलाकडे फोन होता. तिथून कधी फोन आला नाही. बाजारी महिपत मात्र आला.

सत्त्याण्णव साली नागोराव निवृत्त झाले. त्या आठवड्यातही दुपारच्या उन्हात दारात महिपत उभा होता. केस पिकले होते, खांद्यावर पिशवी होती. प्रश्न तोच.

नागोरावांनी आता ‘सगळे बरे आहेत’ असे म्हणणे सोडले होते. ते उठून दारात येत आणि एकेकाचे नाव घेत. “सखू बरी आहे. गुडघे दुखतात. थोरला वरंगलला आहे, परवा पत्र आलं, बरा आहे. सून बरी आहे. देवकाबाईंना दोन दिवस ताप होता, काल उतरला, मी जाऊन पाहून आलो. दौलत बरा आहे.”

महिपत प्रत्येक नावापाशी मान हलवी आणि ओठांनी ते पुन्हा म्हणे, वाटेत विसरू नये म्हणून.

“अन् तुमी?” त्याने विचारले. “तुमचं नेमानं इचार म्हनली हाये.”

“मी बरा आहे,” नागोराव म्हणाले. “सांग तिला.”

महिपतने मान हलविली, ‘मास्तर बरे’ असे ओठांतल्या ओठांत म्हटले आणि पिशवी सावरीत बसच्या वाटेला लागला.